उंबराखालचा क्रँक

श्रावणातला शनिवार होता आणि आमच्या मारुतीचा शेंदूर कोणीतरी उचलत होतं.

रुईच्या पानांची माळ घेऊन मी देवळात शिरले, तर गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी एकजण उकिडवा बसलेला. पाठ माझ्याकडं. भिजलेला शर्ट अंगाला चिकटलेला. सकाळी आप्पांनी देवाला लावून उरलेला शेंदूर वाटीत ठेवला होता, तो हा पठ्ठ्या बोटानं निपटून निपटून कागदाच्या पुडीत भरत होता. एक कण सांडू देईल तर शपथ!

"ए! कोण हाय रं तितं?"

तो असा दचकून उठला की डोकं थेट घंटेवर. टण्णकन घंटा वाजली. चोरानंच देवाला वर्दी दिली म्हणायची!

"अहो, चोरी नाही..." डोकं चोळत तो म्हणाला. "म्हणजे विचारणारच होतो. कोणी दिसलं नाही म्हणून..."

"कोणी दिसलं न्हाई म्हणून घ्यायचं, त्यालाच आमच्यात चोरी म्हणत्यात."

"मारुतीला विचारलं होतं."

"मग? काय म्हनला मारुती?"

"काही बोलला नाही. मी हो समजलो."

मला हसू आलं, ते मी दाताखाली दाबलं. आमचे आप्पा, म्हणजे दत्तोबा गुरव, या देवळाचे पुजारी. पुजाऱ्याच्या पोरीनं चोराशी हसायचं म्हणजे काय? पण त्याच्या नखांतलं काळं वंगण दिसलं आणि माझी ट्यूब पेटली.

"तू त्यो मोटारवाला न्हवं? बैलं लावून मोटार वढून आणलेला?"

"तोच," तो म्हणाला. "हौशीराम."

"नावातच हाय म्हनायचं!"

बेडशाच्या लेण्यांखालच्या आमच्या गावात त्या साली, चौसष्ट सालात, मोटार पाहिलेली माणसं पुष्कळ होती, पण बैलांनी ओढलेली मोटार कोणी पाहिली नव्हती. हौशीरामचे वडील गेणू गुरव, आमच्यातलेच. तरुणपणी देवळाचं काम सोडून लोणावळ्याला एका शेटच्या बंगल्यावर ड्रायव्हर झाले आणि तिथंच वारले. पुढं शेटनं बंगला बंद केला, आणि जाताना आपली मरून पडलेली जुनी ऑस्टिन 'गेणूची आठवण' म्हणून या मायलेकरांना देऊन टाकली. हौशीरामची आई, सावित्राबाई, सामानासकट गावी परत आल्या, मागून दोन बैलजोड्यांना बांधलेली मोटार. गाव हसून हसून लोळलं. मीही हसलेच होते.

"पर शेंदूर कशाला? मोटारीला दिठ लागलीया?"

"सांगून नाही समजायचं. दाखवावं लागेल. घरी या ना."

"मी? तुझ्या घरी? लयच शाना हायेस!"

"आई आहे घरी," तो गडबडून म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. त्याच्या बोटांना लागलेला शेंदूर बरा, असा लाल.

दुसऱ्या दिवशी सावित्राबाईंना प्रसाद द्यायला म्हणून मी गेले. प्रसाद काय, मूठभर फुटाणे होते. पण निमित्ताला तेवढे पुरतात.

गोठ्यात गाय नव्हती, इंजिन होतं. फळ्यांवर उघडं करून ठेवलेलं. भोवती नट, बोल्ट, तेलाचे डबे, पोती. सावित्राबाई दारातच तक्रार सांगायला उभ्या. "बघ गं बाई! माझ्या चुलीवर ह्यानं धातू वितळवला. कढई गेली ती गेलीच. आता म्हणतो, इंजिनची बेरिंगं नवी वतली. मी म्हणते, कढई वत नवी!"

हौशीराम गालात हसत होता. त्यानं एक वाकडंतिकडं जड लोखंड दोन्ही हातांनी उचलून दाखवलं.

"हा क्रँक. इंजिनचा कणा. हा या बेरिंगमध्ये बसून फिरतो. बेरिंग नवं ओतलंय, पण ओतलं म्हणजे बसलं असं नाही. क्रँकला तेलात कालवलेल्या शेंदराचा हात द्यायचा, बेरिंगवर ठेवायचा, फिरवायचा, उचलायचा. जिथं लाल डाग उठला तिथं उंचवटा आहे. तेवढाच खरवडायचा."

"आन् मंग?"

"मग पुन्हा शेंदूर. पुन्हा फिरवायचा."

"कवर?"

"सगळीकडं सारखा लाल उमटेपर्यंत."

"आगं बया! येवडा येळ तर बायकू नवऱ्याला देत न्हाई."

"म्हणून तर भांडणं होतात," तो म्हणाला, आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी फुटाणे मोजायला लागले.

एकट्यानं ते काम व्हायचं नव्हतं. क्रँक उचलायला-फिरवायला दुसरा माणूस पाहिजे. सावित्राबाईंच्या कमरेत उसण भरलेली. मग काय, रोज दुपारी मला सावित्राबाईंकडं काही ना काही काम निघायला लागलं. कधी तांदूळ निवडायचे, कधी पापड. श्रावणात पापड कोण करतं? पण आप्पांना तेवढं कुठं कळतंय, असं मला वाटायचं.

गोठ्याच्या कौलांवर पाऊस. मध्येच ऊन. आम्ही दोघं त्या बेरिंगवर वाकलेले, डोक्याला डोकं लागेल एवढ्या अंतरावर. त्यानं जुनी कानस घासून एक हत्यार केलं होतं, त्या हत्यारानं तो नेमके डागच अलगद खरवडायचा. धातूचा केसासारखा बारीक कीस निघायचा. मी फुंकर घालायची. कधी आमची दोघांची फुंकर एकदमच पडायची आणि मग दोघांच्याही नाकावर कीस.

"फिरव... हळू. थांब. आता उचल."

"तुला हुकूम सोडायला लय आवडतंय."

"तू ऐकतेस म्हणून."

"मी? मी कुणाचं ऐकत न्हाई. आप्पांना इचार."

"आप्पांना एक दिवस विचारणारच आहे," तो म्हणाला. "दुसरंच काहीतरी."

असं बोलून तो खाली मान घालून खरवडत बसायचा, आणि माझ्या छातीत मात्र धडधड... चालू इंजिन परवडलं!

एकदा क्रँक निसटला. तो पडू नये म्हणून त्यानं धरला तो माझ्या मनगटासकट. मनगटावर त्याच्या पाची बोटांचे शेंदरी ठसे उमटले. क्रँक खाली ठेवला, तरी हात सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. मग त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं एकेक बोट पुसून काढलं, एवढ्या हळू, की ते डाग जाऊ नयेत असंच त्याला वाटत असावं. मला तरी वाटत होतं.

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "शालू, रॉकेलचा वास कशाचा गं?"

"चिमणी सांडली."

"दिवसाची?"

मी चुलीत फुंकणी घातली ती बाहेरच काढली नाही.

भिलाईचं मला त्यानं त्याच आठवड्यात सांगितलं. त्याचा मामा तिथं पोलादाच्या कारखान्यात होता. त्यानं हौशीरामसाठी जागा धरून ठेवली होती.

"गणपती गेले की हजर व्हायचंय. मी मामाला म्हटलंय, तोवर ही गाडी चालू झाली तर मी येत नाही. लोणावळ्याच्या स्टेशनवर टॅक्सी लावीन. भुशीला, कार्ल्याला लोक येतातच. झाली नाही तर..."

"तर?"

"तर भिलाई."

"कुटं आली ती?"

"लांब आहे. रेल्वेत एक रात्र काढून पण पोचत नाही."

तोवर मी स्वतःला सांगत होते की आपण लोखंडाच्या नादी लागलोय. कसलं लोखंड न् काय! हा माणूस गेला तर मी काय करू, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी तांदूळ-पापडाचं नावही न घेता सरळ गोठ्यात जायला लागले.

काम झपाझप पुढं सरकलं. व्हॉल्व्ह घासायचं तर माझ्याच हातचं निघालं. दोन तळव्यांत काठी धरून ताकाच्या रवीसारखी फिरवायची. बेरिंगवर लाल रंग सगळीकडं सारखा उमटायला लागला. आता क्रँक पुसून बसवायचा तेवढा राहिला होता. तेवढ्यात हौशीराम इंजिनची पॅकिंगं आणायला पुण्याला गेला, आणि तिथंच घोळ झाला.

कमरेतली उसण सुटली तशी सावित्राबाईंनी गोठा झाडायला काढला. शेंदरानं माखलेला तो क्रँक त्यांच्या लुगड्याला लागायचा, म्हणून त्यांनी तो बाहेर नेला आणि दारातल्या उंबराखाली, दगडावर उभा करून ठेवला. खाली बूड चपटं, त्यामुळं उभा छान राहिला. वरून अंगोपांग शेंदूर, मध्येच पोटासारखा फुगवटा, बाजूला खांद्यासारखं काही. पावसानं पानं टपटपत होती. मी स्वतः बघितलं असतं तरी हात जोडले असते.

वरच्या वाडीतली भागूबाई त्या वाटेनं जात होती. तिची गाय रानात हरवली होती, बाई रानोमाळ हिंडून रडकुंडीला आलेली. उंबराखालचा शेंदूर दिसला, तशी ती बसली. डोकं टेकलं. "देवा, माझी गाय दे." आणि घरी जाते तर गाय दारात उभी, रवंथ करीत!

दुसऱ्या दिवशी भागूबाई नारळ घेऊन आली. बरोबर अर्धी वाडी. त्यांचं बघून आमचं गाव आलं. हौशीराम पुण्याहून परतला तेव्हा त्याच्या क्रँकच्या गळ्यात हार होते, पुढं नारळाच्या कवट्या, कुणीतरी हिरव्या बांगड्या ठेवलेल्या. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि सवयीनं क्रँकला हात घातला.

"हात लावू नगंस!" अंबाजी आबा ओरडले. गावात सगळ्यांत वडीलधारे. "पावलेला देव हाय त्यो. जागा सोडायचा न्हाई."

"आबा, तो माझ्या इंजिनचा..."

"आसंल तुझ्या इंजिनचा. आता गावाचा हाय."

सगळ्यांनी आप्पांकडं पाहिलं. गुरव तेच, देवाचं त्यांनाच कळणार. आप्पांनी डोकं खाजवलं. "मारुतीला कौल लावू," ते म्हणाले.

कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गाव देवळात बसलं. मी खांबाआड उभी राहून उजव्या कळीकडं डोळे लावले. पड गं बाई, पड! पण आमच्या मावळातला श्रावण. धुतलेलं लुगडं चार-चार दिवस वाळत नाही, तिथं कळी कुठली सुटायला? उजवी नाही, डावी नाही. दिवस मावळला, मुलं पेंगली, तरी दोन्ही कळ्या जागच्या जागी.

"देव बोलत न्हाई," आबा म्हणाले. "म्हंजे हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

पोरं गणपतीच्या आरत्या पाठ करायला लागली, तरी क्रँक उंबराखालीच. गोठ्यात बाकीचं इंजिन तसंच उघडं. हौशीराम त्यावर पोतं टाकून बाहेर पायरीवर बसलेला दिसला, तशी माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बसलास काय? जा, उचल तुझा क्रँक! गपचूप उचल, मी बघते कोन आडवतंय ते!"

"नाही उचलायचा."

"का? भ्यालास?"

"शालू, आईनं काल तिथं दिवा लावला." तो जमिनीकडं बघत होता. "बाबा गेल्यापासून तिनं एकाही देवाला हात जोडले नव्हते. रुसली होती सगळ्यांवर. आता रोज दिवा लावते, काहीतरी पुटपुटते. मी तिच्या देवाला उचलून बोल्ट आवळू?"

राग धरायला माणूस तरी वाईट पाहिजे. मला रडू यायला लागलं, म्हणून मी आणखीच ओरडले. "मग जा भिलाईला! जा! हितं कुणाचं काय आडलंय?"

"कुणाचंच नाही?" त्यानं वर पाहिलं.

मी पाठ फिरवली आणि तशीच वाडीची वाट धरली. डोक्यावर इरलं नाही, पायात काही नाही. लेण्यांच्या अंगानं चढून वर गेले तेव्हा भागूबाई अंगणात त्याच गायीची धार काढत होती.

"भागूबाई, त्यो देव न्हाई," मी धापा टाकत म्हटलं.

"मग काय हाय?"

"मोटारीचं लोखंड हाय. शेंदूर मीच लावला व्हता. कामापायी."

मला वाटलं, बाई संतापेल. नाहीतर तिचं मन मोडेल. तिची धार थांबली नाही.

"तुझ्या बापाचा मारुती शेंदूर लावायच्या आदी काय व्हता गं?"

"...दगड."

"मग? म्या हात जोडलं, त्यानं गाय दिली. माझं आन् त्याचं झालं. लोखंड का दगड, ही चौकशी म्या कशापायी करू?"

"पर गाव त्याला हलवू देत न्हाई!"

"त्यात तुला कसली घाई? मोटार काय तुझ्या बापाची हाय?"

ती मान वाकडी करून माझ्याकडं बघायला लागली.

"इंजिन झालं न्हाई तर त्यो जाईल, भागूबाई."

"कोन जाईल?"

"हौशीराम. भिलाईला जाईल."

"जाऊ दे की. तुला काय त्याचं?"

"मला त्यो पायजे!" माझ्या तोंडून निघून गेलं. एवढ्या मोठ्यानं, की कुडावरच्या कोंबड्या उडाल्या. "मला त्यो पायजे, भागूबाई. त्यो गेला तर मी... मला काय गोडच लागायचं न्हाई."

"हळू बोल की माय, गाय बिचकंल," भागूबाई म्हणाली, आणि तांब्यातलं कोमट दूध माझ्या हातात दिलं. "पी. भिजलीस कवाची. सकाळी येते मी."

सकाळी ती आली ती थेट उंबराखाली. गाव जमलंच. अंबाजी आबांनी काठी आपटली.

"भागूबाई, देव जागा सोडत नसतो."

"आबा, आपल्या खंडोबाची पालखी निघती का न्हाई? तवा देव कसा काय जागा सोडतो?"

भागूबाई क्रँकपुढं मांडी घालून बसली. "ह्यो देव कुणाला पावला? मला. मग त्याला इचारायचा मान बी माझाच." आणि शेजारणीशी बोलावं तशी त्याच्याशी बोलायला लागली. "देवा, गाय गावली. दूध बी देती. तुझं उपकार झालं. आता तू ज्या कामाला आलायस ते काम कर. हितं नारळ खात बसलास तर आळशी व्हशील. ऊठ बाबा."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. शेवटी आबांच्याही मिशा हलल्या. भागूबाईनं दोन्ही हातांनी क्रँक उचलला, लेकराला उचलावं तसा, आणि गोठ्याकडं निघाली. मागून टाळ वाजवत गाव.

पण गोठ्यात पुन्हा पेच पडला. क्रँक बसवायचा तर शेंदूर पुसायला पाहिजे. एक कण राहिला तरी बेरिंग खराब होणार. देवाचा शेंदूर पुसायचा कोणी? हौशीराम हातात चिंधी घेऊन उभा, पण हात पुढं होईना.

तेव्हा आप्पा पुढं आले.

"देव अंगावरलं कवच सोडतोच," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आपल्या मारुतीनं बी सोडलं व्हतं, माझ्या बापाच्या वक्ताला. शेंदराचा थर आपसूक गळला, आन् खाली नवा देव. ते कवच पवनेच्या पाण्यात सोडायचं असतं. ते काम गुरवाचं."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि स्वतःच्या हातानं क्रँक पुसून लखलखीत केला. तेलाच्या भोकांतही पंच्याची सुंभासारखी पिळलेली टोकं घालून पुसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "रॉकेल लागंल. शालूला ठावं हाय कुटं असतं ते."

मेले मी! म्हणजे आप्पांना सगळं...? सावित्राबाई पदराआड हसत उंबराखालचा दिवा उचलून आणत होत्या. त्यांनी तो इंजिनाशेजारी ठेवला.

"आई, पेट्रोल आणलं की हा दिवा मात्र लांब हं," हौशीराम म्हणाला.

त्यानंतर आम्ही जे राबलो ते राबलो. पिस्टन चढले, नवी पॅकिंगं बसली, हेड बसलं, इंजिन मोटारीत चढलं. गणपती आले आणि गेले, आम्हाला पत्ता नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रकवाल्याकडून उसनी आणलेली बॅटरी जोडून हौशीरामनं पुढं हँडल घातलं. नव्या बेरिंगांनी इंजिन इतकं घट्ट, की त्याला सगळं अंग टाकून ते फिरवावं लागलं. फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. एक खोकला, काळा धूर, आणि गप्प.

त्याच्या ट्रंकेत कपडे भरलेले होते. आज मामाला 'येत नाही' अशी तार गेली नाही, तर उद्याच्या रेल्वेनं निघायचं हे ठरलेलंच. मामानं साहेबाला शब्द दिला होता. मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी. ओठ चावून चावून रक्त आलं असेल.

"आजून एकदा," मी म्हटलं. "माझ्यासाठी."

त्यानं हँडल ओढलं... आणि ऑस्टिन बोलली! अडखळत, खाकरत, मग एकसारखी. सावित्राबाई मटकन पायरीवर बसून रडायला लागल्या. आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. भागूबाईनं नारळ फोडला, पण गाडीत बस म्हटलं तर म्हणते, "मला पाय दिलंत देवानं."

तार करायला कामशेतच्या पोस्टात जायचं होतं. ते ठरलं गाडीनंच. नव्या देवाची पहिली सवारी, गुरव बरोबर पाहिजे म्हणून आप्पा मागच्या सीटवर चढले. मी मागं त्यांच्याजवळ बसायला गेले, तर म्हणतात, "मागं दोघांला जागा न्हाई. म्होरं बस." जागा होती की! तिघांना पुरली असती.

गाडी निघाली. म्हणजे निघाली असं म्हणायचं. पायी चालणारी माणसं बरोबरीनं येत होती. बारकूची बैलगाडी आमच्या पुढं गेली आणि जाताना तो ओरडला, "बैलं देऊ का रं, हौशीराम?"

"येवडी हळू का?" मी विचारलं.

"बेरिंगं नवी आहेत. सुरुवातीला पळवली तर जळतील. हळूहळू एकमेकांची सवय होऊ द्यायची."

दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं. वारा आत येत होता. मागून आप्पांच्या घोरण्याचा आवाज.

"शालू... तार करू?"

"करायलाच तर चाललोय न्हवं?"

"तसं नाही." त्याचे डोळे रस्त्यावर, पण हात चाकावर घट्ट आवळलेले. "टॅक्सी काय, भिलाईतपण चालेल. आईलाही तिकडं नेता येईल. मी इथं राहीन म्हणालो ते गाडीच्या जिवावर नाही म्हणालो. तू राहा म्हणालीस तर तार करतो. नाहीतर तुम्हाला घरी सोडतो आणि उद्या जातो. पण तू सांग. नुसतं ओरडू नकोस, सांग."

मागं वळून पाहिलं, आप्पांची मान कलंडलेली.

"ऱ्हा," मी म्हटलं.

"काय? इंजिनचा आवाज..."

"ऱ्हा म्हनलं! तुझ्याबिगर मला करमत न्हाई. भागूबाईला सांगून झालंय, तिच्या कोंबड्यांनी बी ऐकलंय, तुलाच तेवडं ठावं न्हाई! मला तुझ्यासंगं जन्म काडायचाय. आता कळलं?"

त्याचा पेडलवरचा पाय सुटला. गाडी आचके देत रस्त्याच्या मधोमध जवळजवळ थांबलीच. तो रस्ता सोडून माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला काही केल्या दुसरीकडं बघता येईना. मागचं घोरणं कधीच थांबलं होतं.

"थांबलास कशापायी?" आप्पा म्हणाले. "तार कर म्हनती ना ती? मग हाण की गाडी! पोस्ट बंद व्हईल."

"पण आप्पा... बेरिंगं..."

"जळली तर परत घासत बसा दोघं जन्मभर. तार आज गेली पायजे!"

आणि हौशीरामनं गाडी हाणली.